लिहून कमवायचं म्हणतेस, तर हे कानाशी ठेव

पोरी, मादन हिप्परग्यात राहूनच लिहायचं आणि त्यावर घर चालवायचं, हे तू ठरवलंस ते मला मनापासून आवडलं. घरातले विचारतील, "लिहून कुणाचं पोट भरतं?" त्यांच्याशी वाद घालू नकोस, काळजीपोटीच विचारतात ते. लिहायला तुला येतंच. मी सांगणार आहे ते लिहिण्याच्या आधीचं आणि लिहून झाल्यानंतरचं. पैसा अडतो तो तिथेच, आणि सुटतो तोही तिथूनच.

१. पहिलं वर्षभर शिकवणी सोडू नकोस — हाताशी दुसरं उत्पन्न असलं की कमी दराच्या कामाला 'नाही' म्हणायचं बळ येतं. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टची नोकरी करत कादंबऱ्या लिहीत होते, आणि द. मा. मिरासदार शिकवत होते. त्यांचं लेखन त्यामुळे कुठे उणं पडलं नाही.

२. 'आपण कर्नाटकात, आपल्याला पुण्या-मुंबईत कोण विचारणार' हे मनातून काढून टाक — जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, आणि तिथे राहून लिहिलेल्या 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षीचं ज्ञानपीठ त्याच धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांना मिळालं. ते घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत.

३. कन्नड बोलता येतं तेवढ्यावर थांबू नकोस, नीट लिहा-वाचायला शीक — आळंदच्या बाजारात बोलणं पुरतं, पण अनुवादाचे पैसे वाचता येणाऱ्याला मिळतात. घरात दोन भाषा, तर दारात दोन वाटा.

४. लिपी अडली म्हणून भाषा सोडू नकोस, घरातल्या माणसाची मदत घे — उमा कुलकर्णींना सुरुवातीला कन्नड वाचता येत नव्हतं. पती विरुपाक्ष पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिफितीवर ठेवायचे, आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या त्यांच्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तुझ्या घरात तर आजोबा अजून कन्नड पेपर मोठ्याने वाचतात. बस की त्यांच्याशेजारी रोज अर्धा तास.

आता एक काम सांगते, ते पुण्यातल्या लेखकाला सुचणार नाही. आपल्या भागातल्या घराघरांत, पेटीच्या तळाशी, निजामाच्या काळातले कागद आहेत. काही उर्दूत, काही मोडीत. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासूनची पहाणी आणि फेरफार कन्नडमध्ये. भाऊ पुण्यात, बहीण उमरग्याला, जमीन हिप्परग्यात. कागद तिघांच्याही नावचे आणि वाचता एकालाही येत नाहीत. असे कागद सोप्या मराठीत करून देणं हे मानाचं काम आहे आणि गावातच मिळणारं आहे.

५. अशा अनुवादाच्या माथ्यावर 'केवळ माहितीसाठी' असं लिही, आणि कोर्टात किंवा उपनिबंधकाकडे द्यायचा असेल तर तिथे कसला अनुवाद चालतो ते वकिलाला आधी विचारायला सांग — तुझा अनुवाद बरोबर असूनही केवळ शिक्का नाही म्हणून परत आला, तर बोल तुलाच लागतो.

६. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे आणि नावं दोनदा ताडून पाहा, आणि जे अक्षर लागलं नाही तिथे 'अवाच्य' असं स्पष्ट लिही — अंदाजाने भरलेला एक आकडा दोन भावांना आयुष्यभर वेगळं बसवतो.

७. कुणाच्या वाटणीपत्रात काय वाचलंस ते आपल्या आईलाही सांगू नकोस — गावात अनुवादकाची किंमत तिच्या गप्प राहण्यावर ठरते.

८. जमलं तर मोडी शीक — वाचणारे थोडे उरले आहेत आणि कागद ढिगाने आहेत. महाराष्ट्राचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, त्यांची जाहिरात येते का तिकडे लक्ष ठेव.

९. लेखनाचे नियम एकदा शांतपणे पाठ कर — साहित्य महामंडळाचे मूळ १४ नियम १९६२ चे, त्यात १९७२ ला चारांची भर पडली, असे सगळे मिळून १८. एवढ्याशा अभ्यासाने संपादकाचा अर्धा वैताग वाचतो, आणि ज्याचा वैताग वाचतो तो पुन्हा काम देतो.

१०. मजकूर युनिकोडमध्येच टाइप कर, जुन्या फाँटमध्ये नको — तुझ्या पडद्यावर सुबक दिसलेलं पान समोरच्याकडे नुसती चिन्हांची रांग होऊन उघडतं, आणि तो बिचारा विचारायलाही लाजतो.

११. शब्दाची शंका आली की मोल्सवर्थ उघड, नाहीतर दाते-कर्व्यांचा शब्दकोश बघ, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत — मात्र आपल्याकडचा एखादा शब्द त्यात सापडला नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही. तो वहीत वेगळा लिहून ठेव.

१२. यंत्राने केलेला अनुवाद 'नुसता तपासून द्या' म्हणून येईल. दर सांगण्याआधी त्यातली मधली दोन पानं मागवून घे — पहिलं पान बहुधा नीटच असतं, आणि पुढे कधी कधी नव्याने लिहिणं लवकर होतं.

विषयांचं म्हणशील तर तू अशा ठिकाणी आहेस की वाकून उचलायचा अवकाश. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तूर पेरणाऱ्या बाईच्या हातात त्यामुळे काय जास्त पडलं, हे मराठीत कुणी बसून लिहिलंय का? 'अ‍ॅग्रोवन'सारखं शेतीचं दैनिक २००५ पासून निघतंय, त्याला शेतावरून लिहिणारी माणसं लागतात. गाणगापूरला येणारी मराठी माणसं, आळंदच्या लाडले मशायखांच्या उरुसाला जाणारी सगळ्या जातीधर्मांची गर्दी, माणिकनगरच्या माणिकप्रभूंची अनेक भाषांतली पदं, बीदरचं बिद्री काम. आणि येळवस! लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी सोडून बाहेर किती जणांना हा सण ठाऊक आहे? पुण्याच्या वाचकाला शेतात पांडवांची पूजा, भज्जी आणि आंबिल हे सगळं नवं आहे. तुला ते नेहमीचं वाटतं म्हणूनच तू ते लिहायचं टाळतेस, हे मला ठाऊक आहे.

१३. सणावरचा लेख सणाच्या अडीच-तीन महिने आधी पाठव, म्हणजे येळवशीचा दसऱ्याच्या सुमारास — मासिकाचा अंक तुझ्या सणाच्या कितीतरी आधी भरलेला असतो.

१४. दिवाळी अंकांना ज्येष्ठ-आषाढातच पत्र लिही, आणि लेख न पाठवता आधी विषय चार ओळींत सांग — श्रावण सरता सरता चांगल्या अंकांची पानं ठरून गेलेली असतात. १९०९ ला का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवतीच फिरतं.

१५. ज्या अंकाला लिहिणार त्याचे मागचे तीन अंक वाचल्याशिवाय पत्र टाकू नकोस — 'साधना'ला जे हवं ते 'किशोर'ला चालत नाही. एक साने गुरुजींनी १९४८ ला सुरू केलेलं वैचारिक साप्ताहिक, दुसरं बालभारतीचं १९७१ पासूनचं मुलांचं मासिक.

१६. एकच लेख एकाच वेळी दोघांना पाठवू नकोस. किती दिवसांत कळवाल ते विचार, आणि तेवढे दिवस उलटले की 'मी हा लेख दुसरीकडे देत आहे' असं कळवून मोकळी हो — दोन अंकांत एकच लेख छापून आला की दोन्ही दारं बंद होतात.

१७. माणसाची गोष्ट लिहिलीस तर छापायच्या आधी त्याचे आकडे, नाव आणि त्याच्या तोंडची वाक्यं त्याला वाचून दाखव — तुला पुढेही त्याच रस्त्याने बसथांब्यावर जायचं आहे.

१८. पत्त्यात दर वेळी 'मादन हिप्परगा, तालुका आळंद, जिल्हा कलबुर्गी, कर्नाटक' आणि पिनकोड लिही — सोलापूरजवळ एक हिप्परगा आहे, लोहारा तालुक्यात एक, विजयपुराकडे देवर हिप्परगी, आणि पुण्याच्या माणसाला आळंद म्हटलं की आळंदीच आठवते. तुझा मानाचा अंक इंद्रायणीकाठी गेला तर परत कोण आणणार?

आता पैशाचं. इथे तू लाजणार, आपल्याकडच्या मुली लाजतातच. पण मानधन विचारणं म्हणजे हावरेपणा नव्हे. शेतावरच्या बाईची मजुरी आपण खुरपणीच्या आधीच ठरवतो ना? तुझीही तशीच ठरू दे.

१९. काम घेण्याआधी चार गोष्टी लिहून पाठव: किती शब्द, किती रुपये, कधी द्यायचं, पैसे कधी मिळणार; आणि 'ठीक आहे' असं लेखी उत्तर येईपर्यंत पहिली ओळसुद्धा लिहू नकोस — तोंडी ठरलं ते वाऱ्यावर, कागदावर ठरलं ते खात्यावर. व्हॉट्सॲपवरचं उत्तरही चालेल, पण ते जपून ठेव.

२०. दर ठरवताना आधी स्वतःचा वेग मोज — दिवसाला १,५०० शब्द नीट होत असतील आणि महिन्यात २० दिवस काम मिळणार असेल, तर तुझ्या हाती ३०,००० शब्द आहेत. घरखर्चाला त्याने भागलं की खालची मर्यादा कळते, आणि तिच्या खाली उतरायचं नाही.

२१. पुस्तकाएवढं मोठं काम असेल तर एक भाग आगाऊ, एक मध्यावर आणि उरलेला शेवटी माग — काम मध्येच थांबलं तर तुझे तीन महिने तरी वाया जात नाहीत.

२२. फुकट लिहायचं असेल तर गावच्या शाळेच्या स्मरणिकेला लिही, हौसेने लिही — पण जो जाहिराती घेऊन अंक विकतो आणि 'तुमचं नाव होईल' म्हणतो, त्याला नम्रपणे दर कळव.

२३. 'सर्व हक्क' हे दोन शब्द दिसले की सही करायच्या आधी थांब — कायदा तुझ्या बाजूचा आहे, तो वाचलेला बरा.

हे जरा सविस्तर सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखाचा पहिला मालक तोच असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्या लेखात मुदत घातली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं मानतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. शिवाय घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर, कराराने काही वेगळं ठरलं नसेल, ते तुझ्याकडे परत येतात. म्हणून मासिकाला 'एकदा छापण्यापुरते' हक्क दे. पुढे पुस्तक करायचं झालं, किंवा कुणाला ते ऐकण्याच्या पुस्तकासाठी हवं झालं, तर लेख तुझाच असला पाहिजे.

२४. कुणाच्याही पुस्तकाचा अनुवाद हाती घेण्याआधी मूळ लेखकाची किंवा हक्क असेल त्याची लेखी परवानगी घे — वर्षभर राबून केलेला अनुवाद परवानगीवाचून छापता येत नाही.

२५. सवय करायची असेल तर ज्यांचे हक्क संपले त्यांचं घे — लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० ला गेले, तेव्हा त्यांचं लेखन २०११ पासून कुणालाही कन्नडमध्ये नेता येतं. कन्नडमध्ये मुलांसाठी लिहिणारे पंजे मंगेशराव १९३७ ला गेले, त्यांना मराठीत आणता येतं. बसवेश्वरांची वचनं तर बाराव्या शतकातली. पण आजच्या कुणी केलेला त्यांचा अनुवाद मात्र त्याचाच, तो उचलायचा नाही.

२६. अनुवादावर तुझं नाव कुठे छापणार ते आधीच लिहून घे — अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, आणि पुढचं काम त्या नावावरच चालत येतं.

२७. लेख दिला त्याच दिवशी बिल पाठव: क्रमांक, तारीख, कामाचं नाव, रक्कम, पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी — पैसे देणारे वाईट नसतात, पण बिल नाही म्हणून त्यांची फाइल महिनामहिना टेबलावर पडून राहते.

२८. बँकेतलं, पॅनवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घे, टोपणनाव फक्त लेखावर — कन्नडमधून इंग्रजीत जाताना आपल्याकडची आडनावं तीन तऱ्हांनी लिहिली जातात आणि पैसे मध्येच अडकतात.

२९. संस्थेने कर कापून पैसे दिले तर घाबरू नकोस, विवरणपत्र भर — कापलेली रक्कम आयकर खात्यात तुझ्या नावावर दिसते, आणि तुला कर लागत नसेल तर परत मिळते. पॅन दिलं नाहीस तर मात्र थेट २० टक्के कापतात.

३०. अनुवाद आणि मजकूरलेखन ही सेवा म्हणून 'उद्यम' नोंदणी करून ठेव, सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते — लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. बिलाखाली ती एक ओळ असली की आठवण करून देणं सोपं जातं.

३१. पैसे थकले तर पंधराव्या दिवशी गोड पत्र, तिसाव्या दिवशी नुसतं बिल, आणि त्यानंतर पुढचं काम बंद — रागाचं पत्र मात्र कधीच नको. हिशेब बघणारा आणि काम देणारा ही बहुधा वेगळी माणसं असतात.

३२. 'घरबसल्या टायपिंग, आधी नोंदणी फी भरा' असं म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम कर — यांची रीत ठरलेली आहे: पानं टाइप करून घेतात, चुका दाखवतात आणि मग वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून दंड मागतात. अशी नोटीस आली तर पैसे भरू नकोस. घरात सांग आणि १९३० वर तक्रार कर.

३३. कविता छापण्यासाठी पैसे आणि सन्मानचिन्हासाठी आणखी पैसे मागणाऱ्यांनाही तेच — पैसा लेखकाकडे यायला हवा. पहिलं पुस्तक काढायचं असेल तेव्हा साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिचे नियम वाचून घे.

३४. ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी मजकूर पाठव — तुझी शेवटच्या रात्री जागायची सवय मला चांगली ठाऊक आहे, आणि आपल्याकडची वीज आणि रेंजसुद्धा. माडगूळकरांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायणा'ची ५६ गीतं दिली. त्यांच्या प्रतिभेचं कौतुक सगळेच करतात, मला त्या वर्षभराच्या शिस्तीचंही तितकंच वाटतं.

३५. उशीर होणारच असेल तर तो झाल्यावर नको, दोन दिवस आधी कळव — तूर काढणीला आली की घरचं कुणी सुटत नाही, हे संपादकालाही कळतं, फक्त त्याला पानाची सोय करायला वेळ लागतो.

३६. प्रत्येक लेखाची एक प्रत स्वतःच्या ईमेलला पाठव आणि छापून आलेलं पान कापून फाइलीला लाव — उद्या कुणी 'तुमचं काही दाखवा' म्हटलं की शोधाशोध नको.

३७. लेख परत आला तर त्या दिवशी उत्तर लिहू नकोस, दुसऱ्या दिवशी 'कळवल्याबद्दल आभार' एवढंच लिही — त्याच संपादकाला पुढच्या महिन्यात वेगळा विषय हवा असतो, आणि त्याला नीट वागलेली माणसं आठवतात.

३८. संपादकाने केलेल्या दुरुस्त्या मूळ लेखाशेजारी ठेवून वाच — फुकटात मिळणारी याहून चांगली शिकवणी नाही. पण आपल्या भागाचा शब्द त्याने बदलला असेल आणि त्याने अर्थ पातळ होत असेल, तर एकदा कारण सांगून तो परत माग. बहुतेक जण देतात.

आता या महिन्याचं काम. येळवशीवर एक, तुरीच्या मानांकनावर एक, आणि पेटीतल्या कागदांवर एक, अशी चार-चार ओळींची तीन पत्रं तयार कर. तुरीचं पत्र लिहिण्याआधी आळंदच्या अडतीवर जाऊन भाव विचारून ये, आणि ज्यांनी सांगितला त्यांचं नाव छापलं तर चालेल का तेही विचार. पत्रं पाठवण्याआधी एकदा मला दाखव. मराठी मी बघून देईन, कन्नड नावांची अक्षरं आजोबांकडून तपासून घे.